उसनें शरीर आणि खेळाडूची नामुष्की

नटानें दुसऱ्याचें रूप घ्यावें आणि दुसऱ्याच्या सुखदुःखानें हंसावें-रडावें, हा त्याचा धर्मच होय. परंतु ज्याचें रूप घ्यावयाचें तो नामांकित खेळाडू असेल, आणि लबाडी उघडकीस येऊन लोकांच्या मनांतून उतरलेला असेल, तर नटापुढें निराळाच प्रश्न उभा राहतो. राजाची भूमिका मुकुटानें व भारदस्त भाषणानें निभावून जाते. खेळाडूचें सर्वस्व मात्र त्याच्या शरीरांत असतें. तें शरीर आणावयाचें कोठून? आणि त्या शरीरानें केलेला अपराध दाखवावयाचा तो कसा?

याचें सर्वांत गाजलेलें उत्तर अमेरिकन नट रॉबर्ट डि नीरो यानें १९८० सालच्या ‘रेजिंग बुल’ या चित्रपटांत दिलें. त्याची भूमिका होती जेक लामोटा या मुष्टियोद्ध्याची. १९४७ सालीं बिली फॉक्सविरुद्धची झुंज लामोटा जाणूनबुजून हरला होता. अजिंक्यपदासाठीं लढण्याची संधी मिळावी म्हणून केलेला तो सौदा होता. त्याची कबुली त्यानें १९६० सालीं सेनेटच्या उपसमितीपुढें दिली. डि नीरो प्रथम खुद्द लामोटाच्या देखरेखीखालीं मुष्टियुद्ध शिकला. पुढें उतारवयांतील स्थूल लामोटा दाखविण्याकरितां चित्रीकरण कांहीं महिने थांबविण्यांत आलें आणि त्या अवधींत त्यानें भरमसाट खाऊन आपलें वजन सुमारें ६० पौंडांनीं वाढविलें. त्याला धाप लागूं लागली, तेव्हां दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी हाही चिंतेंत पडला.

याच्याही पुढचें पाऊल बेन फॉस्टर या नटानें टाकलें. स्टीफन फ्रीअर्स यानें दिग्दर्शित केलेल्या ‘द प्रोग्रॅम’ (२०१५) या चित्रपटांत त्यानें सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगची भूमिका केली. कर्करोगांतून उठून आर्मस्ट्राँगनें १९९९ ते २००५ पर्यंत ‘तूर द फ्रान्स’ ही खडतर शर्यत सात वेळां जिंकली. २०१२ सालीं तीं सातही विजेतेपदें काढून घेण्यांत आलीं, आणि जानेवारी २०१३ मध्यें त्यानें उत्तेजक द्रव्यें घेतल्याचें कबूल केलें. त्या द्रव्यांतील एक ‘एरिथ्रोपोएटिन’. तें रक्तांतील तांबड्या पेशी वाढवितें. त्यामुळें स्नायूंना प्राणवायु अधिक मिळतो व चढावर दम टिकतो. पण रक्त दाट झालें कीं गुठळ्या होऊन जिवावर बेतण्याचाही संभव असतो. फॉस्टरनें या भूमिकेसाठीं डॉक्टरांच्या देखरेखीखालीं स्वतः उत्तेजक द्रव्यें घेतलीं. तीं कोणतीं, तें त्यानें सांगितलें नाहीं. मात्र त्यांचा आपल्या प्रकृतीवर परिणाम झाला, हें त्यानें मान्य केलें.

मग नटही लबाडच ठरला काय? नाहीं. खेळाडूचा प्रेक्षकांशीं करार असा कीं, दिसतें तें खरें आहे. नटाचा करार उलट. दिसतें तें सोंग आहे, हें दोघांनाही ठाऊक असतें. म्हणून तीच सुई एकाच्या हातीं फसवणूक ठरते, दुसऱ्याच्या हातीं ठरत नाहीं. परंतु औषधाला हेतु कळत नाहीं. शर्यतीसाठीं घेतलें काय आणि कलेसाठीं घेतलें काय, रक्तांत तें सारखेंच काम करतें.

आतां तिसरें उदाहरण पाहावें. टोन्या हार्डिंग ही बर्फावर स्केटिंग करणारी खेळाडू. १९९४ सालीं तिची प्रतिस्पर्धी नॅन्सी केरिगन हिच्या पायावर हल्ला झाला. त्याच्या तपासांत अडथळा आणल्याचा गुन्हा हार्डिंगनें कबूल केला व अमेरिकेच्या स्केटिंग संघटनेनें तिला जन्मभर बाद केलें. ‘आय, टोन्या’ (२०१७) मध्यें तिची भूमिका करण्यासाठीं मार्गो रॉबी हिनें कित्येक महिने स्केटिंगचा सराव केला. पण हार्डिंगची कीर्ति ज्या उडीवर उभी होती, ती हवेंत साडेतीन गिरक्या घेणारी ‘ट्रिपल ॲक्सल’, कांहीं साधेना. ती संगणकाच्या साहाय्यानें पडद्यावर उमटवावी लागली. १९९१ सालीं स्पर्धेत ही उडी यशस्वी करणारी हार्डिंग ही पहिली अमेरिकन स्त्री होती.

येथेंच खरें मर्म आहे. आर्मस्ट्राँगची लबाडी सुईंतून मिळूं शकली. हार्डिंगची विद्या चार महिन्यांत कोणालाही मिळूं शकली नाहीं. तिच्यामागें लहानपणापासूनचे कष्ट होते. आणि नामुष्की? तीही सुईंत किंवा ताटांत सांपडत नाहीं. भरतानें नाट्यशास्त्रांत अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत; अश्रु, रोमांच, चेहऱ्याचा उडालेला रंग हीं सात्त्विकाचीं लक्षणें. ‘रेजिंग बुल’मध्यें सौद्याची ती झुंज हरल्यावर लामोटा आपल्या खोलींत हुंदके देऊन रडतो. त्या प्रसंगीं नटाच्या अंगावर वाढविलेलें वजन नव्हतें; होता तो केवळ शरमेनें मोडलेला मनुष्य. प्रेक्षकांच्या काळजाला तोच भिडतो.

असल्या साहसांचा गवगवा पुष्कळ होतो, आणि वाहवेच्या आशेनें उद्यांचा तरुण नट आपली प्रकृति पणाला लावावयास सिद्ध होतो. म्हणून प्रेक्षकांनींही टाळ्या कशासाठीं वाजवाव्यात, याचा विचार करणें अगत्याचें आहे. नटानें किती पौंड वाढविले, काय टोंचून घेतलें, हें मोजणें सोपें असतें. पण ज्यानें जगाला फसविलें त्याचें मन प्रेक्षकांपुढें उघडें करणें, हेंच नटाचें खरें काम. आणि त्यासाठीं देह झिजविण्यापेक्षां मनुष्य ओळखण्याचीच गरज अधिक.