काळे चेहरे आणि साधा कागद

दरवर्षी २ मार्चला आम्ही काही मित्र नाशिकमध्ये एक छोटी पुस्तिका काढतो. १९३० साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसोबत त्यात जी साधी माणसे उतरली, त्यांचे जुने फोटो घरोघर फिरून मिळवायचे आणि छापायचे, एवढाच हेतू. पहिल्याच पुस्तिकेत एका समूहचित्राची जी दशा झाली तिच्यामुळे हे लिहितो आहे. पानावर पांढऱ्या पागोट्यांची रांग उमटली होती. पागोट्यांखाली माणसे नव्हती, नुसते डाग होते. ज्यांच्या घरचा फोटो, त्या आजींनी पान डोळ्यांजवळ नेले, लांब धरले आणि विचारले, "यात माझा बा कुठला रं लेका?"

छापखानेवाला म्हणाला, "माणसंच काळी, त्याला मी काय करू?"

(ज्या देवाचे दार या माणसांना बंद होते, त्याची मूर्तीही काळ्या पाषाणाचीच आहे. तिचे फोटो मात्र नीट छापले जातात.)

त्याचे म्हणणे खोटे होते, हे कळायला मला छपाई शिकावी लागली. छापील फोटोत करडी छटा नसतेच. एकाच काळ्या शाईचे लहानमोठे ठिपके असतात. आर्ट पेपरवर चिनी माती किंवा खडूचा लेप असतो, म्हणून ठिपका वरच्यावर बसतो. मॅपलिथोसारख्या बिनलेपाच्या कागदात शाई तंतूंत मुरते आणि ठिपका फुगतो. पन्नास टक्क्यांचा ठिपका सत्तरीच्या घरात जातो, नव्वदीचे सगळे मिळून एक काळा गोळा होतो. गोऱ्या चेहऱ्याला हे सोसते, कारण त्याचे ठिपके मुळातच बारीक असतात. सावळा चेहरा, तोही पागोट्याच्या सावलीतला, आधी बुडतो. शिवाय त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा रंग दिसत नसे. तपकिरी कातडी मुळातच अधिक काळी उतरे. पुढे रंगीत फोटोंचे माप ठरवायला कोडॅकने प्रयोगशाळांना गोऱ्या बाईचे चित्र दिले, ते 'शर्ली कार्ड'. म्हणजे माप कोणाचे, हा प्रश्न यंत्रातही आहेच.

मग आर्ट पेपरच का नको? महाग पडतो, दिव्याखाली चकाकतो आणि त्यावर पेन्सिल चालत नाही. आमची पुस्तिका विद्यार्थ्यांच्या हातात जाते. त्यांनी तीत लिहावे अशी आमची इच्छा असते.

दुसऱ्या वर्षी आम्ही उलटी चूक केली. संगणकावर सगळे चित्र उजळवले. आजी म्हणाल्या, "हा गोरा कोन?"

तिसऱ्या खेपेला जाळी इंचाला १७५ रेघांऐवजी १२० ची घेतली. सर्वांत गडद जागा नव्वद टक्क्यांवर रोखली. मधल्या छटा फुगण्याच्या हिशेबानेच हलक्या केल्या. पण कपाळ, गाल आणि डोळ्यांखालची सावली यांतला फरक तसाच राखला. प्रूफ त्याच कागदावर काढले आणि दुसऱ्या दिवशी, शाई वाळल्यावर पाहिले, कारण बिनलेपाच्या कागदावर काळा वाळताना फिका पडतो.

आजींनी डावीकडून तिसऱ्या माणसावर बोट ठेवले. नातवाला पेन्सिल आणायला सांगून समासात नाव लिहवून घेतले. मग शेजारच्या दोघांचीही.