कर्कपेशीची भूक

साखर तोडली की कर्करोग उपासमारीने मरतो, ही समजूत आता घरोघर शिरली आहे. स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या स्त्रीच्या ताटातून आधी चहाची साखर जाते, मग शीत जाते, पुढे फळेही जातात. आणि उपचार सोसण्यासाठी अंगात बळ हवे नेमक्या त्याच वेळी ती खंगत जाते. घरची माणसे हे मायेपोटीच करतात. पण त्यात रोग्याचे हित नाही, हे आम्हांला स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

या समजुतीच्या मुळाशी एक खरा शोध आहे. कर्कपेशी पुष्कळ ग्लुकोज ओढून घेतात आणि प्राणवायू हाताशी असूनही त्याचे पूर्ण ज्वलन न करता दुग्धाम्ल बनवितात, हे जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी १९२० नंतरच्या दशकात दाखवून दिले. पेशीचे श्वसन बिघडते म्हणून कर्करोग होतो, असा त्यांचा तर्क होता. पुढील संशोधनाने तो मागे पडला. पेशीला हुकूम देणारी प्रथिने आधी बिघडतात आणि त्यापायी तिची भूक बदलते, असे चित्र आज दिसते.

प्रथिन म्हटले की आपणांस डाळ नि बांगडा आठवतो. येथे अभिप्रेत आहेत ती पेशीत निरोप्याचे काम करणारी प्रथिने. स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १५ ते २० टक्के रुग्णांत ‘हर-२’ हे पेशीच्या आवरणावरील प्रथिन प्रमाणाबाहेर वाढलेले असते. त्याचा निरोप ‘पीआय-३ कायनेज’ या प्रथिनाकडे व तेथून ‘एकेटी’कडे जातो. मग ग्लुकोज आत नेणारी वाहक प्रथिने आवरणावर येऊन बसतात, ते तोडणारी विकरे कामाला लागतात आणि त्या मालातून नव्या पेशींसाठी मेद व इतर द्रव्ये तयार होतात. संप्रेरकांवर वाढणाऱ्या प्रकारात सुमारे ४० टक्के गाठींत या कायनेजमध्येच दोष असतो. निरोप नसतानाही ते हुकूम सोडीत राहते.

त्याला रोखणारे अल्पेलिसिब हे औषध २०१९ साली अमेरिकेत मंजूर झाले. परंतु इन्शुलिनही आपले काम याच प्रथिनाकरवी करते! साहजिकच औषधाने रक्तातील साखर चढते, स्वादुपिंड अधिक इन्शुलिन सोडते आणि ते गाठीतील दबलेला मार्ग पुन्हा जागा करू शकते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत इन्शुलिन उतरविणाऱ्या आहाराने अशा औषधाचा गुण वाढला; मात्र औषधावाचून तोच आहार दिला असता रक्ताच्या एका कर्करोगात रोग उलट बळावला. घरगुती पथ्याचा आग्रह धरणाऱ्यांनी हा उत्तरार्ध अवश्य ध्यानी घ्यावा.

गोव्याला ही गोष्ट अधिकच लागू पडते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के, आढळले ते गोव्यातच. येथे कर्करोग व मधुमेह एकाच देहात भेटणे ही नवलाची बाब नव्हे. म्हणून गाठीतील प्रथिनांचा अहवाल प्रत्येक रुग्ण स्त्रीला समजेल अशा भाषेत सांगितला जावा, असे औषध सुरू करण्यापूर्वी व नंतर साखर नियमित तपासली जावी आणि कर्करोग विभागात आहारतज्ज्ञ नेमलेला असावा, अशी आमची मागणी आहे. तिच्या ताटात काय असावे, हे त्या तज्ज्ञाने ठरवावे, शेजाऱ्यांनी नव्हे.