इनॉक्युअस (शब्द)

इनॉक्युअस हे ‘निरुपद्रवी’ किंवा ‘अपाय न करणारे’ या अर्थाचे इंग्लिश विशेषण आहे. पदार्थ, औषध, प्राणी, कृती किंवा उद्गार यांच्यापासून इजा होत नाही, हे सांगण्यासाठी ते वापरले जाते. उदाहरणार्थ, धामण व दिवड हे बिनविषारी साप या अर्थाने ‘इनॉक्युअस’ ठरतात.

व्युत्पत्ती

हा शब्द लॅटिन ‘इन्नोकुउस’ यावरून सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लिशमध्ये आला. ‘इन्’ हा नकारदर्शक उपसर्ग असून ‘नोकेरे’ या क्रियापदाचा अर्थ ‘इजा करणे’ असा आहे. ‘इनोसन्ट’ (निष्पाप), ‘नॉक्शस’ (अपायकारक) आणि ‘न्यूसन्स’ (उपद्रव) हे शब्दही याच क्रियापदापासून आले आहेत. भाषाशास्त्रज्ञ या क्रियापदाचा संबंध संस्कृत ‘नश्’ धातूशी जोडतात. त्यानुसार मराठीतील ‘नाश’ हा शब्द त्याचा दूरचा सगोत्र ठरतो.

मराठी प्रतिशब्द

इंग्लिश शब्दांना मराठी प्रतिशब्द देण्याचे मोठे काम मोल्सवर्थ यांनी आरंभिलेल्या व पुण्यातील संस्कृत पाठशाळेशी संबंधित असलेल्या थॉमस कँडी यांनी पूर्ण केलेल्या इंग्लिश-मराठी कोशाने (१८४७) केले. आज ‘इनॉक्युअस’साठी ‘निरुपद्रवी’ हा शब्द रूढ आहे. ‘निरागस’ (निर् + आगस्, म्हणजे अपराध) या शब्दाची घडण तशीच नकारदर्शक असली, तरी तो मनाच्या निष्पापपणाविषयी वापरतात. न्यायालयीन भाषेत ‘इनोसन्ट’साठी ‘निर्दोष’ हा शब्द योजला जातो. म्हणून औषध ‘निरुपद्रवी’, मूल ‘निरागस’ आणि आरोपी ‘निर्दोष’ असतो.

‘इनॉक्युलेट’शी गल्लत

उच्चारसाम्यामुळे ‘इनॉक्युलेट’ (लस टोचणे) हा शब्द याच कुळातील असल्याचा समज होतो. तो चुकीचा आहे. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘ओकुलुस’ म्हणजे डोळा हा शब्द आहे. मूळ अर्थ झाडावर कलमासाठी डोळा बसवणे असा होता. मराठी बागायतीतही या क्रियेला ‘डोळा भरणे’ असे म्हणतात. इंग्लिश लेखनात ‘इनॉक्युअस’मध्ये ‘एन’ हे अक्षर दोनदा, तर ‘इनॉक्युलेट’मध्ये आरंभी एकदाच येते.

व्यवहारात मात्र या दोन कल्पना निगडित आहेत, कारण लस स्वीकारली जाण्यासाठी ती निरुपद्रवी असल्याची खात्री पटावी लागते. मुंबईतील प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी आपली लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यातही प्लेगची साथ पसरली होती.