बडोद्यातील एक दुपार

वैशाखातील सुट्टीत स्नेह्यांच्या आग्रहास्तव आम्ही सहकुटुंब बडोद्यास गेलो. लक्ष्मीविलास राजवाड्यातील रविवर्म्याच्या चित्रांपुढून मुले हलेनात. सकाळ तेथेच सरली. दुपारच्या उन्हात पुन्हा निघण्याचा आम्हांस कंटाळा आला होता, परंतु यजमानांच्या वृद्ध मातोश्रींनी हट्टच धरला. म्हणून सयाजीबागेतील वस्तुसंग्रहालय घडले.

शहरातल्याच अकोटा भागात (अकोला नव्हे!) १९५१ मध्ये सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती येथे आहेत. त्यांत मुकुट व अलंकार ल्यालेले जीवंतस्वामी, म्हणजे दीक्षेपूर्वीचे महावीर! सुमारे सहाव्या शतकातील त्या मूर्तीच्या पादपीठावर नाव आहे ते राजाचे नव्हे, ती अर्पण करणाऱ्या नागीश्वरी श्राविकेचे.

"हिचे सासर कोठले हो?" मातोश्रींनी विचारले. आम्हांस उत्तर सुचले नाही. त्या मात्र हात जोडून बराच वेळ उभ्या होत्या.