मेसच्या काकू ‘खाडा का होता?’ विचारतात, तेव्हा नेमकं काय होतं?

रविवारची संध्याकाळ. पुण्यातली सदाशिव पेठ. दुपारी मेसमध्ये फीस्ट झालेली असते. पुऱ्या, मसालेभात, वाटीभर गोड. आणि दुपारी फीस्ट म्हणजे रात्री मेस बंद, हा इथला ठरलेला नियम.

मग सात-साडेसात वाजले की कॉट बेसिसवर राहणारी पोरं-पोरी खोल्यांमधून बाहेर पडतात. कोणी वडापाव खातं, कोणी भुर्जीची गाडी गाठतं, कोणी दोघांत एक डोसा मागवतं. आठवडाभर अभ्यासिकेत शेजारी बसूनही न बोललेली दोन माणसं त्या गाडीवर पहिल्यांदा एकमेकांना विचारतात, ‘तू कुठला रे?’

बाहेरच्या माणसाला ही गैरसोय वाटेल. पण पेठेत दिवस काढलेल्या कोणालाही विचारा, त्याला अभ्यासाच्या आधी हे असलंच काहीतरी आठवतं.

असं का होत असेल? यामागं फक्त आठवणींचा गोडवा आहे की आणखी काही?

आधी एक किस्सा

मी मास कॉम करायला पुण्यात आले तेव्हा माझी रूममेट हिंगोली जिल्ह्यातली होती. राज्यसेवेची तयारी करायची. दुसऱ्या प्रयत्नातही पूर्व परीक्षेत थोडक्यात राहिली. निकालानंतर तीन दिवस ती खोलीबाहेर पडली नाही. चहा-बिस्किटावर काढले. मी बोलायचा प्रयत्न केला की भिंतीकडे तोंड करून झोपायची.

चौथ्या दिवशी ती कशीबशी मेसला आली. आता मेसमध्ये महिन्याचे पैसे आधीच भरलेले असतात आणि आपण जेवायला गेलो नाही की वहीत खाडा लागतो. काकूंनी वही बघितली आणि म्हणाल्या, “तीन दिवस खाडा दिसतोय. गावाला गेलतीस का?”

ती म्हणाली, “नाही.”

काकूंनी पुढं काहीच विचारलं नाही. ताटात गरम पोळी टाकली आणि म्हणाल्या, “भाजी नको असेल तर पिठलंय.”

रात्री ती मला म्हणाली, “घरच्यांनी निकाल विचारला, क्लासवाल्यांनी निकाल विचारला. काकूंनी एकट्यांनी जेवणाचं विचारलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अभ्यासिकेत गेली. एका पोळीनं तिचं आयुष्य बदललं, असं मी म्हणणार नाही. पण तीन दिवसांत जे मला जमलं नव्हतं, ते एका वाक्यानं झालं होतं.

याला नाव काय?

मराठीत यासाठी शब्द आहे : तोंडओळख. मैत्री नाही, नातं नाही. नाव माहीत असेलच असंही नाही. चहावाला, मेसच्या काकू, अभ्यासिकेत रोज पलीकडच्या खुर्चीवर बसणारा मुलगा. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली अशा ‘कमकुवत नात्यां’वर एक शोधनिबंध लिहिला. नोकरीची माहिती अनेकदा जवळच्या मित्रांपेक्षा अशा ओळखीच्या माणसांकडून मिळते, असं त्यानं दाखवलं.

पण या नात्यांनी आनंद मिळतो का? हा प्रश्न पुढं जिलियन सँडस्ट्रॉम या संशोधिकेनं घेतला. गंमत म्हणजे तिला तो विद्यार्थिनी असतानाच सुचला होता. कॅनडातल्या टोरांटोमध्ये मास्टर्स करताना ती रोज एका हॉट डॉगच्या गाडीवरून जायची. गाडीवरच्या बाईला बघून हसायची, हात करायची. एवढंच. पण त्यामुळं आपण या शहरातले आहोत असं तिला वाटायचं.

पुढं तिनं एलिझाबेथ डन यांच्यासोबत विद्यार्थ्यांवर अभ्यास केला, जो २०१४ साली प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की, ज्या दिवशी विद्यार्थी नेहमीपेक्षा जास्त वर्गमित्रांशी बोलले, त्या दिवशी ते जास्त आनंदी होते आणि आपण इथले आहोत ही भावनाही जास्त होती. हे वर्गमित्र जिवलग असायची गरज नव्हती.

म्हणजे काकूंचा ‘खाडा’ आणि टोरांटोची हॉट डॉगची गाडी, गोष्ट एकच.

‘पोस्ट निघाली की मग...’

आता तुम्ही म्हणाल, हे ठीक आहे, पण अभ्यास सोडून गप्पा मारत बसायचं का?

स्पर्धा परीक्षेचं गणित सगळ्यांना माहीत आहे. जागा शेकड्यांत, अर्ज लाखांत. पूर्व, मुख्य, मुलाखत असं करत वर्षं जातात. त्यामुळं पेठेत एक वाक्य सतत ऐकू येतं : ‘एकदा पोस्ट निघाली की मग.’ मग फिरायला जाऊ. मग सिनेमा बघू. मग गावच्या लग्नाला जाऊ. आनंद म्हणजे जणू निकालानंतर मिळणारी थकबाकी.

अडचण अशी की आनंद असा साठवून ठेवता येत नाही. १९७८ साली फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत लॉटरी लागलेल्या लोकांचा अभ्यास केला. हे लोक इतरांपेक्षा फार आनंदी नव्हते. उलट रोजच्या साध्या गोष्टींमधला आनंद त्यांना इतरांपेक्षा कमी मिळत होता. आणि १९९१ साली एड डीनर या मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसोबत मांडलं की, माणूस सुखी आहे की नाही हे एखाद्या मोठ्या आनंदापेक्षा तो किती वेळा आनंदी असतो यावर ठरतं.

साध्या भाषेत, वर्षातून एकदा लागणाऱ्या निकालापेक्षा रोजचा चहा जास्त काम करतो.

पुण्याला हे नवीन नाही

बाहेरगावच्या पोराला शहरानं सांभाळायचं, ही पद्धत इथं जुनी आहे. पूर्वी गरीब विद्यार्थी ‘वार लावून’ जेवायचे, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. पण ही दारं सगळ्या जातींच्या मुलांना उघडी नव्हती, हेही तितकंच खरं.

म्हणून कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ मध्ये बोर्डिंग सुरू केलं. तिथं वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. राहण्याचा प्रश्न तर सुटलाच, पण आपल्यासारखीच धडपडणारी पोरं आपल्या पंगतीला आहेत, हा आधारही मिळाला.

आजची मेस ही पैसे मोजून मिळणारी पंगत आहे. पण पंगतच आहे.

मग करायचं काय?

फार काही नाही. मेसमध्ये मोबाईल ताटाशेजारी उलटा ठेवायचा. चहा रोज एकाच टपरीवर प्यायचा, म्हणजे चार दिवसांनी चहावालाच ओळख देतो. अभ्यासिकेत शेजारी बसणाऱ्याला नाव विचारायचं. गावाहून एसटीनं डबा आला तर त्यातली एक धपाटी बाजूच्या खोलीत द्यायची. आणि एखादा ओळखीचा चेहरा दोन-तीन दिवस दिसला नाही, तर चौकशी करायची. निकालाची नाही, त्याची.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. छोटे आनंद म्हणजे उपचार नव्हेत. झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगावंसं वाटत नसेल, तर चहावर भागवू नका. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत हेल्पलाईन आहे, नंबर १४४१६. तिथं मराठीतही बोलता येतं.

माझ्या रूममेटची पोस्ट अजून निघालेली नाही. ती आता गावाकडं शिकवते आणि परीक्षाही देते. मागच्या महिन्यात पुण्यात पेपरला आली, तेव्हा आम्ही त्याच मेसमध्ये गेलो. काकूंनी तिच्याकडं बघितलं आणि विचारलं, “लई मोठा खाडा झाला गं?”

ती हसली आणि ताट घेऊन बसली.

तुमचा खाडा लक्षात ठेवणारं असं कोण होतं? कमेंटमध्ये सांगा. आणि नंबर असेल तर आज त्यांना एक फोनही करा.