जंत वेगळे, जंतू वेगळे



जंतांच्या गोळ्या वाटल्या त्या आठवड्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक काकू म्हणाल्या, "ताई, जंतांची गोळी झाली. आता पोटातले सगळे जंतू मरतील अशीही एखादी गोळी सांगा." सगळ्या हसल्या, पण प्रश्न चांगला होता. जंत म्हणजे कृमी, ते काढायलाच हवेत. जंतू मात्र डोळ्यांना न दिसणारे. आपल्या मोठ्या आतड्यात ते अब्जावधींनी राहतात आणि त्यातले पुष्कळ आपल्या कामाचे असतात. ते काय करतात, तेच आज बघू.

काही जंतूंच्या अंगावर एक आवरण असतं, थंडीत आपण घोंगडी पांघरतो तसं. हे आवरण साखरेच्या कणांच्या लांब साखळ्यांचं बनलेलं असतं. त्याला पॉलिसॅकराइड म्हणतात. ही चहातली गोड साखर नव्हे. ज्वारीच्या पिठातला स्टार्चही साखरेची साखळीच, पण तो कुठे गोड लागतो? कधी दह्याला तार सुटते, तीही बहुतेक वेळा विरजणातल्या जंतूंनी सोडलेल्या अशाच साखळ्यांमुळे.

आता रोगप्रतिकारशक्तीकडे येऊ. ती घराची राखण करणाऱ्या कुत्र्यासारखी. चोरावर धावला पाहिजे, पण घरच्यांना चावता कामा नये. आतड्यात ही राखण फार मोठी असते, कारण रोज अन्नाबरोबर नाना गोष्टी आत जातात. राखण चुकली आणि आपल्याच आतड्यावर हल्ला सुरू झाला, की आतड्याला सूज येते, जखमा होतात.

मग घरचा कोण, हे शिकवतं कोण? अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी पोटात एकही जंतू नसलेले उंदीर वाढवले. त्यांची प्रतिकारशक्ती नीट घडलेली नव्हती. मग त्यांना 'बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस' नावाचा जंतू दिला. हा माणसाच्या आतड्यातही राहतो. तो दिल्यावर ती पुष्कळ सुधारली. पण त्याच जंतूचं एक खास साखर-आवरण काढून टाकलं, तेव्हा तो फायदा झाला नाही. हे 2005 साली प्रसिद्ध झालं. 2008 साली आणखी पुढचं कळलं. या साखरेमुळे उंदरांच्या रक्षक पेशी 'शांत व्हा' असा निरोप देणारा पदार्थ तयार करतात आणि आतड्याची सूज टळते.

पण हाच जंतू आतडं फुटून पोटाच्या पोकळीत गेला, तर तिथे पू होतो, आणि त्यातही या आवरणाचा हात असतो. आपल्या जागी पाहुणा, जागा सोडली की वैरी!

हे सगळं मी आज का सांगतेय? आमच्या गटातल्या एका मैत्रिणीला शौचातून रक्त जायचं. मूळव्याध असेल म्हणून तिने लाजेपोटी सहा महिने कुणाला सांगितलं नाही. तपासणीत आतड्याची सूज निघाली. औषधाने बरं वाटायला लागलं, तशी ती म्हणाली, "आता गोळ्या सोडून नुसतं दही खाल्लं तर?" तिला सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. दही जरूर खा, पण ते या आजाराचं औषध नाही. साखर-आवरणाचा हा शोध उंदरांवरचा आहे. त्याच्या नावाने कुणी पोटाची पावडर विकायला आलं, तर गटाचे पैसे घालवू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. घरात उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या मनाने घेऊ नका, त्या चांगल्या जंतूंनाही मारतात. ज्वारी, बाजरी, डाळी, पालेभाज्या खा, त्यातला चोथा हा या जंतूंचा चारा आहे. आणि शौचात रक्त दिसलं, जुलाब दोन आठवड्यांहून जास्त टिकले किंवा वजन उतरत गेलं, तर आशाताईंना सांगा आणि दवाखाना गाठा.

पोटाच्या दुखण्याची लाज कसली, बायांनो? बैठकीत हप्त्याबद्दल बोलतो, तसंच याबद्दलही बोलू या.