लॅपटॉप रुसला तर...

देवणी म्हटलं की काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची देखणी गाय डोळ्यांपुढे येते. जनावर चारा खाईनासं झालं, की डॉक्टर येईपर्यंत काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही, हे घरातल्या बाईला बरोबर ठाऊक असतं. मैत्रिणींनो, तेच शहाणपण आता घरातल्या लॅपटॉपच्या बाबतीतही हवं. बचत गटाचा हिशेब, मुलांची प्रमाणपत्रं, शिलाईच्या ऑर्डरी, लग्नाचे फोटो असं सगळं त्यातच असतं. झेरॉक्सच्या दुकानात लावलेला पेन ड्राइव्ह घरी येतो, त्याच्यासोबत व्हायरसही येतो आणि एके सकाळी लॅपटॉप सुरूच होत नाही!

बंदरही बंद पडलं होतं

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस युक्रेनमधून जगभर पसरला. संगणक सुरू होताना डिस्कचा जो पहिला भाग वाचला जातो, तोच तो बिघडवायचा. मग विंडोज उघडायच्या ऐवजी पैसे मागणारा मजकूर दिसायचा. आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क या डॅनिश कंपनीच्या समूहाकडून चालवलं जाणारं टर्मिनल त्यामुळे ठप्प झालं आणि कंटेनरच्या गाड्या खोळंबल्या.

मर्स्कला सुमारे ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. गंमत बघा, जगभरच्या जाळ्याची एक महत्त्वाची नोंद त्यांना शाबूत सापडली ती आफ्रिकेतल्या घानाच्या कार्यालयात. कारण काय, तर हल्ला झाला तेव्हा तिथली वीज गेली होती! लोडशेडिंगने कुणाचं भलं केल्याचं हे दुर्मीळ उदाहरण. पण धडा साधा आहे: जाळ्यापासून बाजूला ठेवलेली एक प्रत असेल, तर सगळं परत उभं राहतं.

आधी दुखणं ओळखा

बटण दाबल्यावर दिवाच लागत नसेल, तर व्हायरसला दोष देऊ नका. चार्जर, बॅटरी, पिन तपासा. चार्जर काढून बटण तीस सेकंद दाबून धरा, मग पुन्हा लावून बघा. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो, तर बिघाड बहुधा आतल्या भागांत असतो. कंपनीचं नाव दिसतं आणि पुढे गाडी अडते, किंवा ‘बूट डिव्हाइस नॉट फाउंड’ असं येतं, तेव्हा मात्र विंडोज बिघडलेलं असेल किंवा हार्ड डिस्क. व्हायरसचा संशय इथे घ्यायचा.

घरी काय करता येईल?

पहिलं म्हणजे पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, प्रिंटर सगळं काढा. कधी कधी लॅपटॉप पेन ड्राइव्हमध्येच विंडोज शोधत बसतो.

तरीही नाहीच जमलं, तर विंडोजचं चिन्ह दिसताच पॉवर बटण दाबून लॅपटॉप बंद करा. असं दोन-तीनदा केलं, की विंडोज १० आणि ११ मध्ये दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. ‘ट्रबलशूट’मध्ये जाऊन ‘स्टार्टअप रिपेअर’ निवडा. त्याने भागलं नाही तर ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मधून ‘सेफ मोड’ घ्या. यात अगदी गरजेपुरतंच विंडोज सुरू होतं, त्यामुळे बरेच व्हायरस जागे होत नाहीत. तिथे अँटिव्हायरसचा पूर्ण स्कॅन लावा. ‘सिस्टीम रिस्टोअर’ने विंडोज मागच्या तारखेला नेता येतं, त्यात आपल्या फाइल्स पुसल्या जात नाहीत.

मध्येच ४८ अंकी ‘बिटलॉकर’ किल्ली मागितली तर घाबरू नका. बहुतेक वेळा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून खातं उघडून बघता येते.

पडद्यावर पैसे मागणारा मजकूर आला, तर इंटरनेट तोडा, मोबाइलने त्याचा फोटो काढा आणि पैसे भरू नका. भरले म्हणून फाइल्स मिळतीलच असं नाही. नॉटपेट्याच्या वेळी तर पैसे भरूनही काही परत मिळण्यासारखं नव्हतं. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवा.

दुकानात देताना

‘फॉरमॅट मारतो ताई, एका तासात देतो,’ असं दुकानदार म्हणाला की आधी विचारा, ‘माझी माहिती काढून देणार का?’ फॉरमॅटने व्हायरस जातो, पण त्याच्याबरोबर हिशेब आणि फोटोही जातात. हार्ड डिस्क धड असेल, तर ती दुसऱ्या संगणकाला जोडून फाइल्स बहुतेक वेळा काढता येतात. ते आधी, फॉरमॅट नंतर. पावती घ्या. खासगी फोटो असतील तर शक्यतो समोर बसूनच काम करून घ्या, त्यात संकोच कसला? लॅपटॉप परत आला की ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदला. लॅपटॉप बंद असतानाच, मोबाइलवरून बदललात तर आणखी चांगलं.

पुन्हा होऊ नये म्हणून

बाहेरून आलेला पेन ड्राइव्ह स्कॅन केल्याशिवाय उघडू नका. फुकटात मिळालेलं चोरीचं सॉफ्टवेअर घालू नका. अपडेट टाळू नका. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही लक्षात असू द्या. आणि महिन्यातून एकदा, गटाची बैठक झाली की त्याच दिवशी, हिशेबाची एक प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर घेऊन तो काढून कपाटात ठेवा.

बियाणं आपण सगळंच्या सगळं पेरत नाही, थोडं कणगीत राखून ठेवतो. माहितीचंही तसंच करायचं. मग लॅपटॉप रुसला तरी त्याची समजूत सावकाश काढता येईल, आपलं काम अडणार नाही.